वरच्या मजल्यावरचा इसम

सकाळी टपालपेटीतून काढून पिशवीत कोंबलेला लिफाफा तिने दुपारी लॅबमध्ये उघडला, तेव्हा तिच्या डाव्या हातात कधीही न पाहिलेल्या एका म्हाताऱ्याचा खालचा जबडा होता. प्लॅस्टरचा साचा. कवळ्या करणाऱ्या माणसाला गिऱ्हाइकाचं तोंड आतून पाठ असतं आणि बाहेरून ते कसं दिसतं याचा पत्ता नसतो. दंतवैद्याकडून नावाऐवजी एक आकडा येतो आणि एक ठसा येतो, बस. साचा वाळला की नाही हे बघायला ती त्यावर चाकूची मूठ हलकेच वाजवायची. वाळला असला की टणक वाजतो, आत ओल राहिली असली की बद्द. आत्ता मूठ तिने उचलली आणि ती हवेतच राहिली. कागद घरपट्टीचा होता. मजले दोन, घटक दोन. तळमजला, मालकीण स्वतः. पहिला मजला, भाडेकरू. स्वतंत्र जिना, स्वतंत्र घंटा, स्वतंत्र स्वयंपाकाची सोय. म्हणून नवी आकारणी, जुनीच्या अडीचपट, मागच्या तीन वर्षांच्या फरकासह, आणि हरकत असल्यास एकवीस दिवसांत कळवावी. हे सगळं तिने वाचलं आणि ते तिला कळलंही. पण खाली शेरा होता, शाईने लिहिलेला, मोजणीवाल्याच्या घाईच्या अक्षरात. ‘वरच्या मजल्यावरील इसमाने, वय अंदाजे साठ, आपण भाडेकरू असल्याचे स्वतः सांगितले.’

“काय हो बाई, काय झालं?” लॅबच्या मालकाने पलीकडच्या टेबलावरून विचारलं. तो मेण वितळवत होता आणि त्याला दुसऱ्याच्या टपालात फार रस.

“माझ्याकडे भाडेकरू आहे म्हणे.”

“आहे का?”

या प्रश्नाचं उत्तर एका शब्दाचं होतं आणि ते तिच्या जिभेवर आलं नाही. वरच्या मजल्यावरचा इसम तिचा नवरा होता.

तिने म्हाताऱ्याचा जबडा खाली ठेवला, हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. भाडेकरू. मोजणीवाला आला असेल तेव्हा ती लॅबमध्ये असणार. वरची घंटा वाजली असणार. तो चष्मा कपाळावर चढवून दारात आला असणार, आणि मोजणीवाल्याने तुम्ही कोण म्हटल्यावर त्याने भाडेकरू म्हणून सांगितलं असणार. कसं सांगितलं असेल? हसत? की त्याच्या त्या कामाच्या आवाजात? तो विमा कंपनीत मृत्यूचे दावे तपासायचा, निवृत्त झाला त्याला दोन वर्षं झाली. माणूस गेलेल्या घरांत जाऊन, बसून, पाणीसुद्धा न मागता, कधी, कुठे, कशाने, एवढंच विचारायचं, हा त्याचा जन्मभराचा धंदा. त्यासाठी त्याने एक आवाज कमावला होता, मऊ, सपाट, कुठेही न अडकणारा. त्या आवाजात तो भाडेकरू म्हणाला असेल तर ती चेष्टा नव्हती. आणि चेष्टा नसेल तर काय होतं? अपमान? तिचा की स्वतःचा? संध्याकाळपर्यंत तिने तीन साचे हाताळले आणि त्यांतला एक हातून पडून फुटला. तीस वर्षांत तिच्या हातून फुटलेला तो चौथा की पाचवा असेल. लॅबच्या मालकाने दोनदा घसा खाकरला.

खरं म्हणजे मोजणीवाल्याचं काय चुकलं होतं? बसमध्ये खिडकीला डोकं टेकून तिने स्वतःलाच विचारलं, आणि उत्तर सोयीचं निघेना. जिना स्वतंत्र होता, कारण घर घेतलं तेव्हा आतून जिना काढायला जागाच नव्हती. घर तिच्या नावावर होतं, कारण त्याच्या तेव्हा बदल्या व्हायच्या आणि कागदांवर सह्या करायला माणूस जागेवर लागतो. वरची खोली मुलीची. मुलगी शिकायला बाहेर पडली, खोली मोकळी झाली. आणि मग, हिची स्वतःची आई गेली त्या वर्षी, हिला खोकला झाला. रात्ररात्र उबळ यायची. तुझी झोपमोड नको, असं ती म्हणाली की माझी झोपमोड होते, असं तो म्हणाला, हे आता दोघांनाही सांगता आलं नसतं. पण तो उशी घेऊन वर गेला. खोकला तीन आठवड्यांत बरा झाला. उशी खाली आली नाही. उशीमागून टेबललॅम्प गेला, मग चहाची किटली, मग एक शेगडी, नुसती दुधापुरती. दुधापुरत्या शेगडीवर भात शिजायला किती दिवस लागतात? एक दिवस एक पार्सलवाला खालची घंटा वाजवून वाजवून गेला आणि नवऱ्याचं औषध परत गेलं, म्हणून दुसरी घंटा बसली. भांडण असं झालंच नाही. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, त्यांच्या एकाच घरी दोन झाल्या, आणि त्या कधी झाल्या याची तारीख विचारली तर दोघंही गप्प बसले असते. पाणी आलंय. टाकी भरली. मुलीचा फोन होता. अशी वाक्यं जिन्यावरून खालीवर व्हायची, सभ्यपणे, शेजारधर्माने. माणसं त्यांना आदर्श जोडपं समजत, कारण त्यांचा आवाज कधी कुणी ऐकला नव्हता.

मुलीला तिने फोनवर सांगितलं तेव्हा मुलगी इतकी हसली की फोन कानापासून लांब धरावा लागला. “अगं आई, मग भाडं तरी वसूल कर बाबांकडून! अकरा वर्षांचं!” मग हसणं संपल्यावर ती म्हणाली, “पण बाबा असं का म्हणाले?” आणि लगेच, “तू विचारलंस का?”

विचारायला वर जायला हवं होतं. हरकतीचा अर्ज तिने आधी भरायला घेतला. दात कोरून पोट भरत नाही हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार. लॅबमधलं काम दरवर्षी कमी होत होतं, आता यंत्रं कवळ्या कोरतात, तिच्याकडे येतात ती अवघड तोंडं, यंत्राला न जमणारी. अडीचपट घरपट्टी तिला झेपणारी नव्हती, आणि झेपवायचा मार्ग एकच होता, तो कुणीही सांगितला असता: वरचा मजला खरोखरच भाड्याने द्यायचा. म्हणजे वरच्या इसमाला जा म्हणायचं. हे वाक्य तिने मनातल्या मनात उच्चारून पाहिलं आणि तिला इतकं अस्वस्थ वाटलं की ती उठून स्वयंपाकघरातला नीट बंद असलेला नळ पुन्हा बंद करून आली. अर्जात सातवा रकाना होता, ‘दुसऱ्या घटकात राहणाऱ्या व्यक्तीशी असलेले नाते’. त्या रकान्यापाशी ती बराच वेळ बसली. ‘पती’ हा दोन अक्षरी शब्द लिहायला तिला जेवढा वेळ लागला तेवढ्यात तिने एरवी पुढचे सहा दात मेणात बसवले असते.

वर ती किती वर्षांनी जात होती? तापात एकदा गेली होती, म्हणजे त्याच्या तापात; औषध दारातून दिलं होतं. आता त्याने दार उघडलं आणि बाजूला झाला. खोली स्वच्छ होती, जरा जास्तच. एक पातेलं, एक तवा, एक ताट, एक वाटी पालथी घातलेली. तिला त्या एका वाटीचा राग आला. एक वाटी असलेल्या घरात गेल्यावर पाहुण्याला कळतंच की आपल्याला इथे कुणी बस म्हणणार नाही.

“बस ना,” तो म्हणाला.

ती उभीच राहिली. “सुनावणी आहे बुधवारी. अकरा वाजता. तुला यावं लागेल.”

“येईन.”

“तू त्या माणसाला भाडेकरू म्हणालास.”

“हो.”

“का?”

तो विचार करत होता. पूर्वी तो विचार करत नसे. पूर्वी त्याच्याकडे उत्तर तयार असे, मऊ आणि घडी घातलेलं. “त्याने विचारलं,” तो शेवटी म्हणाला. “काहीतरी सांगायला हवं होतं.”

“तिथे नवरा म्हणून सांग. एकत्र राहतो म्हणून. एवढंच लागतं त्यांना.”

“विचारतील ते खरं सांगेन,” तो म्हणाला.

हे तिने होकार म्हणून घेतलं आणि खाली आली. जिना उतरताना तिच्या लक्षात आलं की त्याचं वाक्य ती सवयीने वाजवून बघते आहे. ही सवय अकरा वर्षांची. चाकूची मूठ लागायची नाही, कान पुरायचा. तो म्हणाला दूध उतू गेलं, की ती ऐकायची: टणक की बद्द? तो म्हणाला आज थंडी आहे, की ती खिडकीबाहेर हात काढून बघायची. अशा माणसासोबत राहता येत नाही, आणि अशी आपण झालो तर आपल्यासोबत तरी कुणी कसं राहावं, हे तिला कळत होतं. कळून उपयोग नव्हता. अकरा वर्षांपूर्वीच्या त्या एका दिवसाने तिच्या कानात काहीतरी बसवून दिलं होतं.

त्या दिवशी त्याला सुट्टी होती. ती सकाळी स्वयंपाक करून लॅबला गेली आणि साडेनऊला तिच्या भावाचा फोन आला की आई गेली, संध्याकाळी पाचपर्यंत थांबतो, तिला पाठव. फोन त्याने घेतला. दीडला ती जेवायला घरी आली. ते दोघं जेवले. त्याने लॅबबद्दल विचारलं, तिने एका हट्टी कवळीची गोष्ट सांगितली, तो योग्य ठिकाणी हसला. अडीचला ती परत कामाला गेली. तीन वाजता तिच्या माहेराच्या गावाला एक बस होती, ती भावाच्या वेळेत पोहोचली असती. तीन वाजले, बस गेली, ती लॅबमध्ये बसून दाढा घासत राहिली. सहाला तो लॅबच्या दारात उभा राहिला आणि त्या आवाजात, त्या मेल्या घरांत वापरायच्या आवाजात म्हणाला, की तुझी आई गेली. कधी? सकाळी. सकाळी? मग दुपारी...? आणि तो म्हणाला, तुझ्या हातात आज मोठं काम होतं, तू कोलमडली असतीस, मला वाटलं तुझ्या भल्यासाठी. ती दुसऱ्या दिवशी पोहोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. आईची खोली झाडून काढलेली होती. भाऊ म्हणाला, तुझी वाट पाहिली गं. ती रडली नाही. रडायला काहीतरी समोर लागतं. तिच्यासमोर झाडलेली फरशी होती. आणि परत आल्यावर तिला आई आठवायची नाही, आठवायचं ते ते जेवण. त्याचा चेहरा. इतका शांत, इतका नेहमीचा. माहीत असून इतका नेहमीचा. दया होती? भित्रेपणा होता? की माणसाला सांभाळून घ्यायची त्याच्या धंद्याची खोड, बायकोवरसुद्धा चालवलेली? अकरा वर्षं तिने त्या चेहऱ्याचा ठसा हातात घेऊन फिरवला होता आणि तो कुठल्याच जबड्याला बसला नव्हता. त्याला विचारणं तिला कधी सुचलं नाही असं नाही. पण विचारलं असतं तर त्याने उत्तर दिलं असतं, छान, मऊ, आणि मग तेही वाजवून बघावं लागलं असतं.

बुधवारी ते एकाच बसने गेले, वेगवेगळ्या बाकांवर, कारण एकत्र जागा नव्हती. करवसुली कार्यालयाचा बाहेरचा हॉल माणसांनी भरला होता. प्रत्येकाच्या मांडीवर एक फाइल आणि प्रत्येकाच्या तोंडावर तोच भाव, की माझं घर तुम्ही समजता तेवढं मोठं नाही हो. एक बाई शेजारणीला सांगत होती, “बाल्कनी धरली त्यांनी खोली म्हणून. मी म्हटलं, अहो, त्यात मी उभी राहिले तर कपडे वाळत नाहीत, कपडे वाळले तर मी उभी राहत नाही!” सगळे हसले, तोही हसला, आणि तिला एकदम आठवलं की तो असा, खांदे हलवत हसतो. ती वाक्यं पाठ करत होती. आम्ही एकत्रच राहतो. जेवण खालीच होतं. एकत्रच. खालीच. तिने पिशवीतून रुमाल काढला, आत ठेवला, पुन्हा काढला. आपल्याला हे खोटं बोलायचं आहे, असं तिला मुळी वाटतच नव्हतं. तिला वाटत होतं आपण खऱ्याची दुरुस्ती करतो आहोत, जरा घासून, जरा भर घालून, जशी सैल कवळी घट्ट करतात.

शिपायाने त्यांचा आकडा पुकारला. सुनावणी अधिकारी निवृत्तीला आलेले गृहस्थ होते, सभ्य, कंटाळलेले. त्यांची वरची कवळी सैल होती. बोलताना ते जिभेने ती वर ढकलत, आणि ती मनात म्हणाली, कुणी केली ही, लाज आणली. कोपऱ्यात मोजणीवाला बसला होता, जाडसर, घुश्शात, आपल्या वहीवर हात ठेवून.

“हे बघा बाई,” अधिकारी म्हणाले, “प्रकरण सोपं आहे. नवराबायको आहात, एका चुलीवर जेवता, तर घटक एक. जिना कुठून का असेना. वेगळी चूल असेल तर घटक दोन, मग भाडं घ्या नाहीतर नका घेऊ. तुम्ही दोघं तसं सांगा, मी लिहितो, सही करा, विषय संपला. सांगा. एकत्र राहता?”

“एकत्रच राहतो,” ती म्हणाली. “जेवण खालीच होतं. यांना खोकल्याची जुनी तक्रार आहे, रात्री माझी झोपमोड नको म्हणून वर झोपतात. वरची शेगडी नुसती चहापुरती. सकाळी पाचला चहा लागतो यांना, आणि मी काही पाचला उठत नाही.”

अधिकारी हसले. मोजणीवाल्यानेसुद्धा मान खाली घालून हसू लपवलं. खोकला तिने ठरवला नव्हता. पाचचा चहा तिने ठरवला नव्हता. ते आपोआप आले, उबदार, घरगुती, योग्य ठिकाणी थोडं हसू घालून. आवाज कुठेही थरथरला नाही, हात रुमालावर स्वस्थ पडून होते. कुणी तिच्याकडे बघितलं असतं तर त्याला एक नेहमीची, शांत बाई दिसली असती. हे इतकं सोपं असतं? तिला विचारावंसं वाटलं, पण कुणाला विचारणार. ज्या चेहऱ्यामागे काय असेल म्हणून ती अकरा वर्षं डोकं फोडत होती, तो चेहरा आत्ता तिच्या स्वतःच्या मानेवर होता, आणि त्यामागे फारसं काहीच नव्हतं. एक गरज होती. एवढी एक गोष्ट पार पडू दे, मग बघू, एवढंच.

“बरं. आणि तुम्ही?” अधिकारी त्याच्याकडे वळले. “बाई सांगतात ते बरोबर?”

तो खुर्चीत जरा पुढे सरकला. “नाही साहेब,” तो म्हणाला. “मी वर वेगळा राहतो. वेगळं शिजवतो. अकरा वर्षं झाली. खोकला मला नाही.”

पंखा फिरत होता. अधिकाऱ्यांनी जिभेने कवळी वर ढकलली. “अहो, तुम्हाला कळतंय ना तुम्ही काय म्हणताय? नवरा आहात ना यांचे?”

“कागदावर आहे.”

“मग भाडेकरू असं का सांगितलंत?”

“या साहेबांनी,” त्याने मोजणीवाल्याकडे हात केला, “मला त्यांच्या वहीतले चार शब्द वाचून दाखवले. मालक, नातेवाईक, भाडेकरू, इतर. यांतलं एक सांगा म्हणाले. मालक मी नाही. नातेवाईक म्हटलं असतं तर पुढे नातं सांगावं लागलं असतं, आणि ते हिला विचारल्याशिवाय सांगणं मला बरोबर वाटेना. इतर म्हणवेना. भाडेकरू त्यातल्या त्यात जवळचं वाटलं. दुसऱ्याच्या घरात राहतो, आवाज करत नाही, जा म्हटलं की जायचं.”

“मी हेच लिहिलं होतं, साहेब,” मोजणीवाला म्हणाला. त्याला बिचाऱ्याला आपण जिंकलो की काय झालं तेच कळत नव्हतं.

आकारणी कायम झाली. आदेश टपालाने येईल, असं सांगून अधिकाऱ्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं, आणि ते त्यांच्याकडे न बघता म्हणाले की बघा, वर अपील करता येतं, पण तिथेही हेच विचारतील. ती उठली. तिचे कान तापले होते. हॉलमधून, जिन्यावरून, फाटकातून ती पुढे आणि तो मागे असे ते बाहेर आले. रस्त्यावर ऊन होतं, माणसं होती, फुटपाथ खणून ठेवलेला होता आणि त्या मातीच्या ढिगाला वळसा घालताना ती एकदम मागे फिरली.

“एक वाक्य!” ती म्हणाली. “एक वाक्य बोलायचं होतं तुला!”

“हो.”

“माझी लाज काढलीस. खोटारडी ठरवलंस मला चारचौघांत.”

“हो,” तो म्हणाला. “मी सांगितलं होतं, विचारतील ते खरं सांगेन.”

“आता वरचं भाड्याने द्यावं लागेल, कळतंय का? खरोखरच्या माणसाला!”

“मी महिनाअखेर सोडतो जागा. दोन खोल्या बघून ठेवल्यात. एक बरी आहे.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. “कधी बघितल्यास?”

“तू वर येऊन गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी.”

“मग आज आलास कशाला?”

“तू बोलावलंस.”

एक हातगाडी त्यांच्या मधून गेली. दोघं दोन बाजूंना झाले आणि पुन्हा जवळ आले. त्याच्या हातात तिची फाइल होती. ती त्याने केव्हा घेतली हे तिला कळलं नव्हतं. तो म्हणाला, “पण बोललीस छान. पाचच्या चहाचं तर फारच. मला क्षणभर वाटलं, खरंच मला खोकला आहे.”

तिला हसू फुटलं. ते तिने दाबलं नाही, दाबता आलंही नाही. रागाच्या मधोमध, भर रस्त्यात, उन्हात ती हसली आणि तोही खांदे हलवत हसला, आणि हसणं ओसरलं तेव्हा तिच्या छातीत एक मोठी मोकळी जागा झाली होती आणि त्या जागेची तिला भीती वाटली. हा माणूस महिनाअखेर जाणार होता. कुठल्याशा बऱ्या खोलीत जाऊन एक वाटी पालथी घालणार होता. आणि हा आता खोटं बोलत नाही. केव्हापासून बोलत नाही? जिन्यावरून आलेलं एकेक वाक्य तिने अकरा वर्षं वाजवून बघितलं, पाणी आलंय, टाकी भरली, थंडी आहे, आणि त्यातलं एक तरी बद्द निघालं होतं का? तिला आठवेना. एकही आठवेना. म्हणजे तिने विचारलं असतं तर.

“त्या दिवशी,” ती म्हणाली. “आई गेली त्या दिवशी. जेवताना. तुझ्या मनात काय होतं?”

त्याने ‘कुठल्या दिवशी’ म्हटलं नाही. त्याने फाइल एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. उत्तर त्याच्याकडे फार पूर्वीपासून तयार होतं हे तिला दिसलं, आणि ते मऊ नव्हतं हेही दिसलं.

“भूक,” तो म्हणाला.

“काय?”

“मला भूक लागली होती. सकाळपासून भावाचे दोन फोन झाले होते, मी काही खाल्लं नव्हतं. तू आलीस. तुला सांगितलं असतं तर जेवण राहिलं असतं. मी म्हटलं, आधी जेवू. दहा मिनिटांनी सांगू. मग तू ती कवळीची गोष्ट सांगायला लागलीस. आणि मग जेवून झाल्यावर सांगायचं, म्हणजे आपण जेवलो हे सांगायचं. ते जमेना. मग बस गेली.” त्याने चष्मा कपाळावर चढवला. “तुझ्या भल्याचं वगैरे मी सहा वाजता जुळवलं. लॅबला येताना, रस्त्यात.”

तिने ते ऐकलं. वाजवून बघायचं तिला सुचलंसुद्धा नाही. एवढं कुरूप, एवढं साधं उत्तर कुणी रचून सांगत नाही. दया नव्हती, डाव नव्हता, बायकोला सांभाळणं नव्हतं. एका माणसाला दुपारी दीड वाजता भूक लागली होती, आणि तेवढ्यासाठी तिची बस गेली, तिच्या आईचा चेहरा गेला, तिची अकरा वर्षं गेली. तिला त्याला मारावंसं वाटलं. तिने त्याच्या हातातली फाइल हिसकावली आणि ती त्याच्या दंडावर आपटली, एकदा, दोनदा. कागद सुटले, सातवा रकाना मातीत पडला, एक माणूस थांबून बघायला लागला आणि मग नवराबायकोचं भांडण म्हणून चालू लागला. नवऱ्याने हात वर केला नाही. आणि तिसऱ्यांदा हात उगारताना तिला ते ताट दिसलं. अकरा वर्षांत तिने त्या जेवणातला त्याचा चेहरा हजारदा बघितला होता, पण ताटाकडे ती कधी बघत नसे. ताट नेहमी तिच्या नजरेच्या खाली असायचं. आता ते वर आलं, स्पष्ट, वाफेसकट, आणि ताट त्याचं नव्हतं, तिचं होतं.

“भाजी कसली होती?” तिने विचारलं.

“बटाट्याची. तू केली होतीस सकाळी.”

“छान झाली होती.”

“हो. छान झाली होती.”

“मी पुन्हा घेतली,” ती म्हणाली. तिचा आवाज आता तिचा राहिला नव्हता. “आई जाऊन चार तास झाले होते. मी पुन्हा भाजी मागितली आणि तू वाढलीस.”

तो तिच्याकडे बघत होता. तो नाही म्हणाला असता, तुला माहीत नव्हतं गं म्हणाला असता, तर चाललं असतं. त्याच्या जागी कुणीही तेच म्हणालं असतं.

“हो,” तो म्हणाला. “दोनदा.”

आणि ती फुटपाथच्या कडेला, खणलेल्या मातीशेजारी खाली बसली आणि आईसाठी मोठ्याने रडायला लागली.